उचकी

तिसऱ्या गेटाच्या पलीकडे, उद्यमबागेत,
फाउंड्रीची काळी वाळू जिथं चहाच्या बशीतही उतरते,
तिथं आमच्या पत्र्याच्या शेडात
एक फियाट उभी होती, अंगावरचा रंग खरवडलेली.
शर्यतीतून आलेली नव्हे,
चाळीस वर्षं तिच्यात कोंबड्या बसत होत्या.

निपाणीचे मिरजी तिला टेम्पोत घालून घेऊन आले.
सोबत वडलांचा फोटो:
हेल्मेट काखेत, दारावर सत्तावीस नंबर,
आणि बॉनेटपासून डिकीपर्यंत एक तांबडी रेघ,
दोऱ्याएवढी.
"तुम्हीच ओढलेली," ते म्हणाले.

भैरूमामांनी फोटो चष्म्याजवळ नेला, मग लांब धरला.
मागच्या चाकावर रेघ जराशी उडाली होती,
गव्हाच्या दाण्याएवढी.
"ही माझी उचकी. जेवून तसाच बसलो होतो.
आता सरळ करून देतो."
"ब्याडरी," मिरजी घाईनं म्हणाले, "अदू बेकरी.
गाडीत बसायच्या आधी अप्पा
तिथंच अंगठा टेकवायचे."

मी तेव्हा दोन वर्षांची शिकाऊ.
अक्षरं येत होती:
कन्नड बुडाला धरून, घागर ठेवावी तसं,
मराठी वरून, दोरीवर लुगडं टाकावं तसं.
एकाच पाटीवर दोन्ही.
वर कुठलं आणि खाली कुठलं, ते गिऱ्हाईक ठरवी,
आणि कधी रात्री येऊन दुसरंच कोणी,
काळ्या रंगाचा डबा घेऊन.
सकाळी आम्ही पुन्हा शिडी लावायचो.
मामा त्या फासलेल्या काळ्याकडं बघून एवढंच म्हणायचे,
"ब्रशसुद्धा धूत नाहीत लेकाचे."

रेघ मात्र ते मला देत नव्हते.
तिचा ब्रश त्यांनी स्वतः बांधलेला, खारीच्या केसांचा,
बोटभर लांब, मांजरीच्या मिशीसारखा मऊ.
कुणाच्या तरी जुन्या लग्नपत्रिकेवर
पाचसहा वेळा लोळवून त्याला धार आणायची.
करंगळी पत्र्यावर. श्वास आत.
"ब्रशकडं बघायचं नाही पोरी,
जायचंय तिकडं बघायचं."

दुपारपर्यंत सत्तावीस झाला,
दोनाच्या पोटाला सावली, साताच्या पायाला सावली.
मग रेघ. बॉनेट, दार,
मागचं चाक आलं, मामांनी मनगट उडवलं.
रेघ सरळ.
रॉकेलचा बोळा. पुसली. पुन्हा.
सरळ.
तिसऱ्यांदा त्यांनी खांद्यापासून अंग हलवलं,
अंग हललं, रेघ नाही.
पन्नास वर्षं लागली होती
त्या हाताला इतकं आडमुठं व्हायला.

शेवटी मिरजींनी आणलेला कुंदा
बोकाणा भरून खाल्ला, पाणी न पिता,
आणि ब्रश धरून बसून राहिले.
शेजारचा लेथ दोनदा चालू झाला, दोनदा थांबला.
उचकी काही आली नाही.

"तू ओढ," म्हणाले. "तुझा हात कच्चा आहे अजून."

रेघ मला मिळाली ती अशी,
येत नाही म्हणून.

मी बघितलं जायचं होतं तिकडं.
बॉनेट गेलं. दार निम्मं गेलं.
इतकं सरळ कधी मला जमलं नव्हतं,
आणि त्या आनंदातच कुठंतरी
करंगळी घसरली.
उचकी आली,
पण हातभर अलीकडं, आणि खाली वाकलेली.

मामांच्या मुठीत बोळा. पुढं येईनात.
मिरजींनी फोटो गाडीशेजारी धरला, खाली घेतला,
पुन्हा धरला.
मग फोटो खिशात टाकून वाकले
आणि ओल्या रंगाच्या अगदी वर, न टेकवता,
अंगठा धरला.

"किती वेळानं वाळंल?" त्यांनी मराठीत विचारलं.
"नाळे," मी म्हणाले.
"उद्या सकाळपर्यंत हात लावू नका."